दादांचा म्हशींमधला अनुभव

बाळाला बाटली लावू का, असं तू विचारतेस म्हणून सांगते. थोरला झाला तेव्हा मी रहिमतपूरला माहेरी होते. तिसरा दिवस उजाडला तरी मला दूध उतरेना. पोरगं रडून लालबुंद व्हायचं आणि त्याच्या जोडीनं मीही रडायचे. खोलीत आई, मावशी आणि शेजारच्या पाच बायका. एक म्हणे आडवं धर, दुसरी म्हणे उभं धर, तिसरी तर बाटली उकळायला ठेवूनच आलेली.

आमचे वडील, दादा, चार म्हशींचं दूध डेअरीला घालायचे. बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी दाराबाहेरूनच ओरडले, "समद्या भाईर या! एवढी माणसं म्होरं उभी ऱ्हायली तर म्हस बी पान्हा चोरती."

बायका बाहेर निघाल्या. दादा दारात पोतं टाकून राखणीला बसले. थोड्या वेळानं पोरगं लुचायला लागलं.

"सोडला का गं पान्हा?" बाहेरून आवाज आला.

"व्हय."

"मग आंबोण द्या तिला," म्हशीला धारेच्या वेळी पेंड-भुसा द्यायला सांगावं तसं दादांनी आईला फर्मावलं. आई अळिवाची खीर घेऊन आली.

मी चिडले. "आवं दादा, मी म्हस हाय व्हय?"

"न्हाई गं," दादा म्हणाले. "म्हस एवढी रडत न्हाई."