जिनिंगमधलं चित्र

(हिंगोली, १९४८ची दिवाळी नुकतीच झालेली. कापसातली सरकी काढायच्या रिकाम्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, उद्या चित्रांचं प्रदर्शन आहे.)

मनकर्णा : ह्या भिंतीला नगा लावू यांचं चित्र, भाऊजी. दारातून आलं की पयलं तेच दिसून राहिलं.

तातेराव : म्हणूनच लावतोय, वहिनी. वरच्या तावदानांची धूळ आठ दिवस पुसली, खालच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. आता सगळा उजेड वरून येतो, बराबर दादाच्या तोंडावर.

मनकर्णा : लोक हार आणतील. आपल्याकडं मेलेल्याच्याच तसबिरी लावतेत.

तातेराव : वहिनी, रझाकारांची गोळी लागून दादा पुरात पडला. आपल्या गड्यानं डोळ्यांनी पाहिलं.

मनकर्णा : पडताना पाहिलं. मेलेलं कुणी पाहिलं?

रामसिंग : राम राम मास्तर. बांबू कुठं टाकू?

तातेराव : ये. वहिनी, हा रामसिंग, पैनगंगेपल्याडच्या तांड्यावरचा. पडद्यांसाठी बांबू आणलेत.

रामसिंग : मास्तर, ह्या सटवाजीचं चित्र तुमी कवा काढलं?

तातेराव : सटवाजी नाही. हा माझा भाऊ, दगडोबा.

रामसिंग : आमाला तर त्यानं सटवाजीच सांगितलं.

मनकर्णा : ते तर मामंजीचं नाव!

तातेराव : थांबा, वहिनी. चेहऱ्यासारखे चेहरे असतात. रामसिंग, नीट पाहा.

रामसिंग : नीटच पाहून राहिलो. डावी भुवई तुटली ना? गोऱ्ह्याचं शिंग लागलं म्हणला. अंगाला हळद, अन् मांडवातून पळाला गोऱ्हा धरायला.

मनकर्णा : भाऊजी, हे चित्रातून कळतं का?

तातेराव : न्हाई. न्हाई कळत.

रामसिंग : मांडीत गोळी होती. मी अन् माझी बायको पारुबाई, आमी नदीकाठून खाटेवर आणला. महिना-दीड महिना ताप. रझाकार गेले म्हणून सांगितलं, तरी इश्वास बसंना त्याचा. सेनगावला सटवाजीच्या घरी निरोप द्या म्हणला. दोन डाव गेलो. घराला कुलूप.

मनकर्णा : आमी इकडं पळून आलतो हो... चालतेत का?

रामसिंग : काठी घेऊन. काल भाकर कच्ची म्हणून पारुबाईवर खेकसला.

मनकर्णा : मंग तेच हायेत.

तातेराव : गाडी जुंपतो. रात कनेरगावला काढू, सकाळी नदी उतरू. चला, वहिनी!

मनकर्णा : अन् उद्याचं?

तातेराव : दार काय, कुणीही उघडंल. उठा न.

मनकर्णा : येते. जरा बसू द्या, भाऊजी. अडीच महिने काही वाटलं न्हाई, आज पाय दुखून राहिले.