वरातीआधीची बायको

अरवा : पुन्हा वाच. तारखांसकट.

हाझिम : दोनदा वाचलं, अरवा.

अरवा : बाबा आत्ता आलेत. जावयाने काय दिवे लावलेत ते त्यांनाही कळू दे.

हाझिम : "आपण पत्नी या नात्याने व्हिसासाठी अर्ज केला आहे. सोबतच्या दाखल्यानुसार आपला विवाह नऊ नोव्हेंबरला झाला. मात्र त्यानंतर चार महिन्यांनी, बारा मार्चला, कॅनडातील नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करताना आपल्या पतीने स्वतःस 'अविवाहित' म्हटले आहे. दोघांनी सात दिवसांत लेखी खुलासा करावा." खुलासा पटला नाही, तर पाच वर्षं बंदी.

अबू सुहैब : यात खुलासा कसला? नोव्हेंबरात काझीसमोर सह्या झाल्या, वरात निघाली ऑगस्टमध्ये. मधले नऊ महिने पोरगी माझ्या घरी होती. जॉर्डनमध्ये, निदान अख्ख्या इर्बिद शहरात, याला साखरपुडाच म्हणतात.

हाझिम : तेच सांगतोय मी, काका! अरवा, तूही तुझ्या प्रयोगशाळेत 'साखरपुडा झालाय' असंच सांगायचीस.

अरवा : प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. तिथे मला कोणी शपथेवर विचारलं नव्हतं.

हाझिम : तू अर्जात वरातीची तारीख टाकली असतीस, तर हे उद्भवलंच नसतं.

अरवा : वरातीचा दाखला कोण देतं? हॉलवाला?

अबू सुहैब : भांडू नका. माझ्याकडून कागद काय हवाय ते सांगा.

हाझिम : एजंटने मसुदा पाठवलाय. तुमचं प्रतिज्ञापत्र. वरातीपर्यंत मुलगी तुमच्या छपराखाली होती, आम्ही पती-पत्नी म्हणून राहत नव्हतो, सह्या केवळ औपचारिक होत्या. खाली अरवाचीही सही लागेल.

अबू सुहैब : एवढंच? देतो. तू चहा घे. तुमच्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून अख्खा रमजान बसलोय मी. माझी कंबर साक्ष देईल.

अरवा : बाबा, त्या फेब्रुवारीत याचं अपेंडिक्स फुटलं. याची आई उमऱ्याच्या यात्रेला मक्केला गेलेली, हा तापात बरळत होता. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोणी केली?

अबू सुहैब : तू. मीच नेलं होतं तुला.

अरवा : नात्याच्या रकान्यात काय लिहिलं?

अबू सुहैब : पत्नी.

अरवा : डॉक्टर म्हणाले, साखरपुडा झालेलीची सही चालत नाही. तेव्हा तुम्ही दाखला काढून त्यांच्या नाकासमोर नाचवलात. "कायद्याने बायको आहे ही याची!" सगळा मजला ऐकत होता.

हाझिम : तो प्रसंग वेगळा होता.

अरवा : हो. तेव्हा मी बायको असणं तुझ्या जिवाच्या सोयीचं होतं. टाके सुकायच्या आत अविवाहित झालास.

हाझिम : मग काय लिहायचं होतं मी? 'साखरपुडा' असा पर्यायच नव्हता!

अरवा : 'विवाहित' असा होता?

हाझिम : होता.

अरवा : मग?

हाझिम : एजंट म्हणाला...

अरवा : बटणावरचं बोट एजंटचं नव्हतं.

हाझिम : 'विवाहित' लिहिलं असतं तर तुझेही कागद मागितले असते! तुझी वैद्यकीय तपासणी, तुझा पोलीस दाखला. दोन महिने सहज गेले असते, आणि नोकरीवर मेमध्ये हजर व्हायचं होतं. एकट्याची फाइल लवकर हलते. झालं समाधान?

अबू सुहैब : म्हणजे ती चूक नव्हती.

हाझिम : काका, आपल्याकडे वरातीआधी...

अबू सुहैब : आपल्याकडचं मला शिकवू नका, जावईबापू. रीत म्हणून मी त्या खुर्चीवर बसलो. तुम्ही ती रीत फाइल हलवायला वापरलीत. मी सही करणार नाही.

हाझिम : मग पाच वर्षं हिने कॅनडाचं नाव काढायचं नाही! हे कळतंय ना तुम्हाला?

अरवा : पाच वर्षं म्हणजे साठ महिने. मोजता येतात. काझीसमोरच्या माझ्या सह्या 'केवळ औपचारिक' होत्या असं मी लिहून दिलं, तर त्याची मुदत कधी संपते ते सांग.

हाझिम : म्हणजे तूही सही करणार नाहीस.

अरवा : या मसुद्यावर नाही. नवा लिही. स्वतःच्या हाताने, आणि खरा.

हाझिम : नाकारतील.

अरवा : बरीच शक्यता आहे.

हाझिम : माझं परमिट जाईल, नोकरी जाईल!

अरवा : तीही शक्यता आहे. लिही.

(हाझिम मसुदा उलटा करून कोरी बाजू वर घेतो. अबू सुहैब खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे ठेवतात.)

हाझिम : सुरुवात काय करू?

अरवा : जे झालं त्याने. मोठ्याने वाच.

हाझिम : "नऊ नोव्हेंबरला माझं लग्न झालं होतं."

अरवा : कोणाशी, तेही लिही.