मधल्या खोलीला काय म्हणायचं

...बेडरूम नाही म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, ज्या खोलीत माणसानं चाळीस वर्षं बायकोशेजारी घोरून काढली, तिला बेडरूम नाही तर काय म्हणायचं? 'पॅसेज,' म्हणतो तो बँकेचा माणूस. पॅसेज! म्हणजे बोळ! म्हणजे माझी क्लोटिल, मार्डी ग्राच्या सणाच्या आठवड्यात माझा हात हातात धरून गेली ती, तुम्हाला सांगतो... बोळात गेली?

अहो, आपल्या न्यू ऑर्लिन्सची जुनी घरं कशी ते का मी तुम्हाला सांगायचं? एकामागं एक खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या! पुढं बैठक, मग आमची खोली, मग मुलांची, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. आता हे विकून मी मुलीकडं, युजीनीकडं, ह्यूस्टनला जायचं ठरलंय, तर घेणाऱ्याच्या बँकेनं घराची किंमत ठरवायला धाडला हा पेल्टियर. हातात फीत, बुटांवर निळ्या पिशव्या, आवाज एकदम मऊ. 'मिस्टर अल्सीद, मुलांच्या खोलीत जायला ह्या खोलीतून जावं लागतं, म्हणून ही बेडरूम धरता येत नाही.' म्हटलं, बाळा, मग माझी तीन मुलं काय टपालानं आली?

जावं लागतं म्हणे! लागायचंच! माझी सासू रोज रात्री न्हाणीघरात जाताना आमच्या पलंगावरून... म्हणजे पलंगाशेजारून, ओरडत जायची, 'माझे डोळे मिटलेत गं!' आणि मिटलेल्या डोळ्यांनी परत येताना म्हणायची, 'अल्सीद, पांघरूण घे, सर्दी होईल!' क्लोटिल उशीत तोंड खुपसून हसायची. पण तीच क्लोटिल आजारी पडली ना, तेव्हा त्याच रहदारीनं तिला जगवलं हो. स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस तिच्या उशाशी थांबणार. सोमवारी लाल बीन्स शिजले की डाव आधी तिच्या तोंडाशी. 'मीठ कमी आहे,' म्हणायची. शेवटी शेवटी तिला चवच कळत नव्हती, तरी म्हणायची.

आणि ती बेडरूम नाही म्हणे!

पैशाचं सोडा हो. युजीनी फोनवर म्हणते, 'डॅडी, लिहू दे त्याला काय लिहायचं ते, तुम्ही निघून या.' अगं, निघून काय या? त्या कागदावर ती खोली कायमची बोळ होऊन बसणार! मी गिलावा करणारा माणूस, ह्या गावातल्या निम्म्या भिंतींना माझा हात लागलाय, मला काय भिंत जड आहे? पलंग काढला, खोलीच्या कडेनं लांबच्या लांब भिंत घातली, तीन फुटांचा वेगळा बोळ केला. वर असा गुळगुळीत गिलावा, की क्लोटिलनं गाल टेकवून पाहिला असता. म्हटलं, ये आता!

आला. बघितलं. म्हणाला, 'सुरेख! पण कपाट कुठंय?' अरे, ते समोर भिंतीएवढं लाकडी कपाट दिसत नाही? क्लोटिलच्या मावशीनं लग्नात दिलेलं! 'ते नाही चालत, मिस्टर अल्सीद. बेडरूम धरायला भिंतीतलं लागतं. हे काय, तुमच्याबरोबर जाणार.' जाणार? म्हटलं, जिचं आहे ती गेली, ते इथंच आहे की! मग नाक शिंकरलं आणि विटा आणायला गेलो.

केलं! भिंतभर कपाट केलं, दोन फूट खोल, तिचे सगळे झगे मावतील असं. तिचे झगे युजीनीनं चर्चमध्ये देऊन टाकलेत, ते राहू दे.

परवा पुन्हा आला. फीत लावली. पुन्हा लावली. माझ्याकडं बघेना. 'मिस्टर अल्सीद... खोली आता अरुंद झाली. निदान सात फूट लागते. ही साडेपाच भरते.' म्हणजे बघा! मूळची अकरा फुटांची खोली, तीन फूट बोळानं खाल्ले, दोन कपाटानं, अर्धा फूट भिंतींनी! आधी नुसता बोळ होता, आता बोळ वेगळा आणि वर अडगळीची खोली! अजून दोनदा दुरुस्त केली असती, तर नुसता गिलावा शिल्लक राहिला असता!

तो निघाला, तर बोळात माझी खाट आडवी. ठेचकाळला. 'हे काय? तुम्ही झोपता कुठं?' म्हटलं, इथंच. 'अहो, एवढं घर आहे!' आता ह्याला काय सांगू? क्लोटिलची पलंगाची बाजू ह्या भिंतीकडची होती हो. बोळ आखताना माझ्या लक्षातच आलं नाही, नेमकी तिचीच जागा बोळात आली. पहिल्या रात्री नव्या खोलीत पडलो, हात लांब केला, तर हाताला भिंत... माझीच, ओली! उठलो आणि खाट इकडं टाकली.

त्यानं फीत गुंडाळली. हळूच म्हणाला, 'मिस्टर अल्सीद, बोळात कुणी झोपत नाही.'

म्हटलं, बाळा, तुझ्या हिशेबानं आम्ही चाळीस वर्षं बोळातच झोपलोय. मला सवय आहे.