मागची सीट

पंक्चर काढून मिळेपर्यंत मी टायरच्या दुकानात बसलो होतो. समोर एक तरुण नव्या टायरची चौकशी करत होता. त्याचे वडील गाडीला टेकून उभे होते.

“सतरा इंची रिम आणि दोनशे पंचवीसचा रुंद टायर टाका. गाडी कशी उठून दिसेल!”

“दिसेल ना, साहेब. पण एवढा रुंद टायर बाहेर येतो. मागे माणसं बसली, गाडी दबली, की मडगार्डला घासणार.”

“मागे कोणी बसतच नाही.”

“आई-वडील?”

“त्यांना आपली बसच बरी वाटते. हो ना, बाबा?”

“हो, हो. बस बरी.”

“तरी बघून घेऊ. काका, जरा मागे बसता? वजन पडल्यावर किती जागा उरते ते कळेल.”

“बसतो की. अरे, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नाहीस?”

“राहूनच गेलं, बाबा.”

“ऐसपैस आहे हं. तुझ्या आईला पाय लांब करता येतील.”

“हे बघा साहेब, एकटे काका बसले तर दोन बोटं जागा उरली. रुंद टायर तीच खाणार. मागे दोघांना बसवायचं असेल तर कंपनीच्याच मापाचा घ्या.”

“बाबा, काय करू?”

“तुला आवडतोय ना? मग रुंदच टाक.”

“नक्की?”

“नक्की. फक्त यांचं काम सुरू होईपर्यंत मी इथेच बसतो.”