बुडालेल्या पंपाबाबत

दिनांक १९ एप्रिल १९८६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

मी महिपत सोनू गोताड, वय बावीस वर्षे, शिक्षण आठवीपर्यंत (परीक्षेस बसलो नाही), धंदा आंबा-काजूची बाग राखणे, राहणार कातळवाडी, पूर्णगडच्या अलीकडे, तालुका व जिल्हा रत्नागिरी. विचारल्यावरून स्वतः हजर राहून सांगतो ते असे :

वरील पत्त्यावर मी व माझी आई जनी असे दोघे राहतो. वडील हयात नाहीत. थोरला भाऊ लवू, ज्याला मी दादा म्हणतो, मालवाहू बोटीवर खलाशी आहे. ठेकेदार आत्माराम पाथरे यांनी, मी त्यांचा पंप अडकवून ठेवला, अशी तक्रार दिली आहे. ती मी ऐकली. पंप मी अडकवलेला नाही. तो कुठे आहे ते मला माहीत आहे.

गेल्या दिवाळीत दादाचे पत्र आले. त्यात लिहिले होते की, एकोणीस वर्षे तळ नसलेल्या पाण्यावर झोपलो, आता या मे महिन्यात कायमचा घरी येतो, तोवर बागेशेजारच्या कातळावर पोहण्याचा तलाव बांधून घे, ज्याचा तळ दिसतो असे पाणी मला हवे. सोबत एका परदेशी कॅलेंडरचे पान होते. त्यावर निळा तलाव होता, माणूस नव्हता. दादाने माझ्यावर सोपवलेले हे पहिलेच काम. याआधी तो सगळे आईला कळवत असे.

दिनांक ३ फेब्रुवारी रोजी पाथरे यांच्याशी लेखी करार झाला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, आठ फूट खोल, आतून सिमेंट, एकूण अडतीस हजार रुपये. पैकी वीस हजार आगाऊ दिले. करारातले आठवे कलम असे आहे की, ठेकेदाराच्या अवजारांना मालकाने हात लावू नये. हे कलम पाथरे यांनीच घातले.

त्याच संध्याकाळी मी कातळावर चुन्याची फक्की मारून तलावाची आखणी केली. मग रेघांच्या आत उताणा पडून पाहिले. कातळ दिवसभराच्या उन्हाने गरम होता. वर आभाळ होते. मला बराच वेळ असे वाटत राहिले की पाणी माझ्या खालून वर येत आहे आणि मी हलका होत आहे. हे तक्रारीशी संबंधित नाही असे हवालदारसाहेब म्हणाले. पुढे संबंध आहे, म्हणून राहू द्यावे.

दिनांक २० फेब्रुवारी रोजी पाथरे यांनी कातळ कठीण लागला म्हणून दोन हजार सहाशे रुपये जादा मागितले. त्या वेळचे बोलणे :

"कातळ काय मी टेंपोतून आणून घातला?"

मी म्हणालो, "नाय. पण तो आधीपासून दिसत होता."

"वरचा दिसत होता. आतला दिसत होता काय तुला? शाना हायस. भावाला पत्र लिही, म्हणावं समुद्र फुकट हाय, त्यातच राहा."

दादाची बोट त्या वेळी कुठल्या बंदरात होती ते माहीत नव्हते. काम थांबू नये म्हणून मी पैसे दिले. पुढे खोदलेले चिरे वाहून नेण्याचे चौदाशे रुपये मागितले. तेही दिले. ते चिरे पाथरे यांच्याच दुसऱ्या बांधकामावर लागले हे मला नंतर दिसले. दोन्हींच्या पावत्या जोडल्या आहेत.

दिनांक २९ मार्च रोजी दुपारी तीनच्या सुमारास आठ फुटांवर कातळ संपून खाली शेडू, म्हणजे मऊ चिकण माती, लागली आणि कोपऱ्यातून पाणी आले. आवाज अजिबात झाला नाही. मजुराची पावले ओली झाली म्हणून कळले. पाथरे यांनी रॉकेलवर चालणारा लाल रंगाचा पंप आणून तळापासून चार फुटांवरच्या कातळाच्या पायरीवर ठेवला. उपशाचे रोज नव्वद रुपये जादा पडतील, असे सांगितले. मी नाही म्हणालो. आयुष्यात ठेकेदाराला मी नाही म्हणालो ती ही पहिली वेळ. हात मी पाठीमागे धरले होते.

दिनांक ५ एप्रिल रोजी पाथरे यांनी, आठवड्याच्या उपशाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून, पंप बंद केला व आपली माणसे घेऊन गेले. जाताना म्हणाले, "पैसे दिलेस की चालू होईल. आणि पंपाला हात लावलास तर भरून घेईन."

मी हात लावला नाही. दिनांक ६ रोजी त्यांना कार्ड टाकले की, पाणी पंपाच्या पायाला लागले आहे. दिनांक ७ रोजी एस. टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप दिला की, पाणी चाकापर्यंत आले आहे. "पैसे तयार ठेव, मग येतो," असा उलट निरोप आला. दिनांक ९ रोजी सकाळी पंप दिसेनासा झाला. ते तीन दिवस मी काठावर बसून होतो. पाणी चढताना दिसत नाही. नजर आभाळाकडे नेऊन परत आणली की ते एक बोट वर आलेले असते.

त्याच दिवशी शेजारच्या हौसाकाकी आल्या. म्हणाल्या, "मेल्या, चैतात पाणी आलंय नि बघत काय बसलायस? ओटी भर तिची." आई व वाडीतल्या बायांनी नारळ, तांदूळ व खण घालून पाण्याची ओटी भरली. आमच्या वाडीत ओटी भरलेले नवे पाणी माहेरी आलेल्या लेकीसारखे मानतात. घरच्या कर्त्या पुरुषाने पहिली ओंजळ घेईपर्यंत ते उपसत नाहीत. आमच्यात कर्ता दादा आहे.

दिनांक १२ रोजी पाथरे दुसरा पंप घेऊन आले. पाणी उपसून बुडालेला पंप काढायचा होता. आई आडवी आली. "माझा लवू येईल, ओंजळ घेईल, मग काय ती ओढाताण करा."

पाथरे मला म्हणाले, "मग तूच घे की ओंजळ. तू काय पुरुष नव्हेस?"

बाया हसल्या. तोपर्यंत पाण्यावरचा रॉकेलचा मोरपंखी तवंग गेला होता व तळ दिसत होता. लाल पंप आहे त्यापेक्षा जवळ दिसत होता आणि झोपेत श्वास घेतल्यासारखा हलत होता. त्याच्यावरून आभाळातली घार गेली. पाथरेही पाहत राहिले. मग "तीन हजार दोनशेचा पंप हाय तो," एवढेच म्हणाले, पण हळू आवाजात. त्यानंतर त्यांनी येथे तक्रार दिली.

दिनांक १६ रोजी दादाचे पत्र आले. कंपनीने पुन्हा चौदा महिन्यांचे काम दिले, ते त्याने घेतले. या मे महिन्यात तो येत नाही. पत्राच्या शेवटी लिहिले आहे की, तलाव झाला असेल तर तू त्यात पोहायला शीक, मला काही पोहता येत नाही. पत्र मी आईला वाचून दाखवलेले नाही. तिला वाचता येत नाही. ती आता बाहेरच्या बाकावर बसली आहे.

आज सकाळी साडेसहा वाजता, आई गोठ्यात असताना, मी काठालगतच्या वरच्या पायरीवर उतरलो व पहिली ओंजळ घेतली. पाणी गोड आहे. शेवटाला रॉकेलचा किंचित वास येतो.

त्यामुळे आता पाणी उपसून पंप नेण्यास माझी हरकत नाही. उपशाचा खर्च, पंपाची किंमत व यापुढे कोणतीही जादा रक्कम मी देणार नाही. तलावाला सिमेंट करायचे नाही. करार येथे संपला. हे मी घरचा कर्ता म्हणून सांगतो. पंप काढल्यावर पाणी परत त्याच उंचीपर्यंत भरते की नाही, ते मी काठावर बसून पाहीन.

जबाब वाचताना दिनांक १६ पासूनचा भाग हळू वाचावा, अशी मी विनंती केली. हवालदारसाहेबांनी बाकीचा जबाब मोठ्याने वाचला व तेवढा भाग कागद माझ्यापुढे धरून मला मनात वाचू दिला. माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

महिपत सोनू गोताड