प्रिस्का तारीख घेते

वसईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं.

“मनोरमाताई, माझी पिशवी नऊ वर्षांपूर्वीच काढली. मग आता खाली काय उतरतंय?”

“योनीचा वरचा भाग, प्रिस्का. आधार सैल पडला की घसरतो. माझाही घसरला होता. डॉक्टरांनी आतून टाके घालून वर बांधला.”

“मला चर्चमध्ये मिस्साला धड बसवत नाही. पण लाजेनं घरी बोललेच नाही.”

“मी चार वर्षं लपवलं. उगाच सोसलं.”

“ऑपरेशननंतर काय जपायचं?”

“तीन महिने बादलीसुद्धा उचलायची नाही.”

“मग पाणी कोण भरणार?”

“नवरा. आमचे अजून भरतात.”

“अजून? ऑपरेशन कधी झालं तुमचं?”

“दोन वर्षं झाली. तीन महिने संपले, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.”

प्रिस्का खो खो हसत उठली.

“सिस्टर, मला ऑपरेशनची तारीख द्या!”