नारळांची जीप

हॅलो?… कोण, अक्का?… हां, बोल की. सकाळपासनं पाचवा फोन हाय तुझा… न्हाय, चिडले न्हाय. बोल.

…काय केलंस?… शिवराजची खोली नको म्हणून कळवलंस?… अगं, नदीकाठच्या मळ्यातली खोली म्हणून महिनाभर आधी सांगून ठेवली होती मी! खिडकीतनं भीमा दिसती म्हणाला होता तो… तुझ्या जावेचा भाऊ असंल, म्हणून काय झालं?…

व्हय, व्हय, कळलं. करकंबात सख्खी बहीण असताना पैसे देऊन लोकांकडं झोपायचं न्हाय. बरं बाई, एक रात तुझ्याकडं. आणि दुसरी…

कुटं?… माळशिरसला? बिरुदेवमामाकडं?… अक्का, नदी हिकडं आणि मामा पार तिकडं! मला नदीकाठनं सायकल चालवायची हाय, पावणेरावळे मोजत फिरायचं न्हाय…

हो, हो… अगं ऐक ना! शनिवारी सकाळी सोलापुरातनं रेल्वेत बसायचं, कुर्डुवाडीला उतरून सायकली ताब्यात घ्यायच्या, तितनं तुझ्या गावाला, आणि मग दोन दिवस नुसता नदीकाठ. एवढंच होतं की गं!… आता त्यात मामा, आत्या, तुझी नणंद… नदी कुटं राहिली ह्यात?

…ओटी?… सगळ्याच भरणार?… म्हंजी घरटी एक साडी आणि एक नारळ. आणि ते नारळ मी बांधू कुटं, गळ्यात?…

…जीप?… नारळासाठी जीप?… न्हाय, दाजींना म्हणावं लई उपकार झाले. मला ठाऊक हाय ना. जीप मागनं येणार, आणि पहिल्या चढाला म्हणणार, ऊन लई हाय, बस की आत. झाली माझी सायकल!

…सुंदरम्माचं तुला कुणी सांगितलं?… व्हय, ती येत न्हाय. शेजारीण म्हणून तिच्या जिवावर एवढं ठरवलं, आणि आज दुपारी बसली गुडघा धरून… अगं, दोन्ही सायकली कालच पार्सलात दिल्यात, गोणपाटात बांधून. तिची बी…

एकटीच जाणार. व्हय, एकटी!… काय म्हणायचं ते म्हणू देत लोक. पन्नाशीला आले, अक्का. चोवीस वर्षं ऑफिसात फायली उचलल्या. जुळे सोलापूरच्या मैदानावर पहाटे धडपडत सायकल नव्यानं शिकले, पोरंटोरं हसायची. एक गोष्ट माझ्या मनानं करावी म्हटलं, तर तुमी सगळी मिळून… रडत न्हाय मी… राहू दे. न्हाय जात. तुमीच जा जीपमधनं, नारळ घेऊन!

…

अक्का?… हॅलो?… हायस का?…

काय विचारतीस?… सुंदरम्माची? लेडीज सायकल हाय. मधी दांडा न्हाय… बुटकी हाय गं, बसल्याबसल्या पाय टेकत्यात… का?…

…आठवतंय की. भिमादादाच्या सायकलवर, दांड्याखालनं पाय घालून. तूच शिकवलीस मला… आणि आबांनी हाणलं तुला एकटीला, पोरगी मोठी झाली म्हणून… बेचाळीस वर्षं? तू मोजून ठेवलीस व्हय गं?…

…न्हाय विसरत. पाण्यात पडल्यावर पवायला येतंयच की, तसंच… साडीवर न्हाय जमायचं. माझा एक ड्रेस आणती तुला… कुणी हसंना का!… अक्का, आता तू रडू नकोस…

कोण आलं?… दाजी? दे, त्यांच्याकडं दे… अगं दे तर!

…हां, दाजी, नमस्कार. ते जीपचं म्हणत होतात ना, आणा की शनिवारी… व्हय, नारळासाठीच… अक्का?… न्हाय, अक्का न्हाय बसायची जीपमधी…

…पुढं असंल ती. तुमी जरा हळू चालवा. ठेवती.